कर्ज फिटलं, मग सिबिल का घसरलं?

कार्डाची मोठी थकबाकी एकदाची फेडून टाकली की माणसाला हलकं वाटतं. दिवाळीचा बोनस त्यात गेलेला असतो, किंवा मुदतठेव मोडलेली असते, किंवा वर्ष-दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेली रक्कम असते. आता आपलं सिबिल चढणार, अशा खात्रीने काही दिवसांनी मोबाइलवर आकडा बघायला जावं, तर तो जागचा हललेला नसतो. कधी तर वीस-पंचवीस गुणांनी खाली आलेला असतो.

अशा वेळी राग येतो. पैसे वेळेवर दिले, उलट वेळेआधी दिले. मग ही शिक्षा कशाची? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला उत्तरंही आहेत. पण ती शोधत गेलं की वाटेत एक अशी गोष्ट भेटते, जी मला आजही चकित करते. आपल्या गृहकर्जाचं भवितव्य ठरवणाऱ्या या तीन अंकी आकड्याचं मूळ बँकेत नाही. ते एका फुलात आहे.

१९३६ साली रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्यापुढे आयरिस या निळ्या-जांभळ्या फुलांची मापं होती. तीन जाती, प्रत्येक जातीची ५० फुलं, एकूण १५०. एडगर अँडरसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने ती मापं घेतली होती. त्यातल्या दोन जाती कॅनडाच्या गास्पे द्वीपकल्पातल्या. प्रत्येक फुलाची चार मापं: पाकळीची लांबी आणि रुंदी, पाकळीखालच्या निदलाची लांबी आणि रुंदी. फूल हातात न घेता, केवळ ही चार मापं पाहून त्याची जात सांगता येईल का, असा प्रश्न होता.

एकाच मापावर विसंबलं तर गल्लत होते. एका जातीची मोठी पाकळी दुसरीच्या लहान पाकळीएवढी भरते. फिशरने प्रत्येक मापाला एक ठरावीक वजन दिलं, मापाला त्या वजनाने गुणलं आणि सगळ्यांची बेरीज केली. चार मापांच्या जागी एकच आकडा आला. वजनं अशी निवडलेली होती, की या आकड्याच्या पट्टीवर दोन जाती एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब पडाव्यात. सगळी करामत त्या वजनांत होती.

त्याच १९३६ साली कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस याला लागूनच असलेला प्रश्न सोडवत होते: अनेक मापं एकदम विचारात घेतली, तर दोन समूह एकमेकांपासून किती दूर आहेत हे कसं मोजायचं? त्यांच्या या प्रवासाची सुरुवात झाली होती आपल्या नागपुरात. १९२० साली तिथे भारतीय विज्ञान काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांची गाठ पडली आणि कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास करण्याचं काम त्यांनी महालनोबिसांकडे सोपवलं. ‘महालनोबिस अंतर’ आज जगभरच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकांत आहे, आणि वर्गीकरणाच्या शास्त्रात ते फिशरच्या रीतीच्या शेजारीच शिकवलं जातं.

फुलांवरून कर्जदारांवर यायला पाचच वर्षं लागली. १९४१ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चसाठी डेव्हिड ड्युरँडने हप्त्यांच्या कर्जांचा अभ्यास केला आणि फिशरची रीत तशीच उचलली. फुलांच्या जातींच्या जागी आली फिटलेली कर्जं आणि बुडालेली कर्जं. पाकळ्यांच्या मापांच्या जागी आली कर्जदाराची माहिती. १९५६ साली बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणितज्ञ यांनी प्रत्येकी ४०० डॉलर घालून कॅलिफोर्नियात एक कंपनी काढली. फेअर, आयझॅक अँड कंपनी, म्हणजे आजची फायको. १९८९ साली तिने कुठल्याही बँकेला वापरता येईल असा सर्वसाधारण स्कोअर बाजारात आणला.

आपल्याकडे ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत, लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या कंपनीची स्थापना झाली. २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज सिबिलशिवाय इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. पण आपल्या बोलण्यात चौघींचं काम एकाच नावावर जमा होतं. ‘सिबिल खराब आहे’ हे वाक्य आता मोटारसायकलच्या शोरूमपासून पीककर्जाच्या रांगेपर्यंत ऐकू येतं. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं राज्य सरकारला बँकांना बजावावं लागलं, इतकं.

आता ही वंशावळ ध्यानात ठेवून आपल्या घसरलेल्या आकड्याकडे बघूया.

आपल्याला वाटतं, स्कोअर म्हणजे आपल्या वागण्याला मिळालेले गुण. चांगलं वागलो, गुण वाढायला हवेत. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार असाच हिशेब ठेवतो: या घरातल्या आजींनी कधी पैसे बुडवले नाहीत, या महिन्यात मुलाचं लग्न होतं म्हणून उशीर झाला, देतील. त्याच्या वहीत माणूस असतो. स्कोअरच्या गणितात माणूस नसतो. तिथे लाखो जुन्या कर्जदारांची गर्दी असते आणि एक प्रश्न असतो: आज ज्यांची नोंद हुबेहूब अशी दिसते, त्यांच्यापैकी किती जण पुढे थकले? फायकोच्या बाबतीत हा प्रश्न येत्या २४ महिन्यांत ९० दिवस किंवा त्याहून जास्त थकण्याबद्दल असतो. आपल्याकडेही बँका ९० दिवसांहून जास्त थकलेलं कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादक, धरतात.

म्हणजे आयरिसच्या मापांसारखीच आपली मापं घेतली जातात आणि आपण कुठल्या गर्दीसारखे दिसतो हे ठरवलं जातं. पैसे भरल्यानंतर आकडा बदलतो तेव्हा आपल्या सद्गुणांचा निवाडा झालेला नसतो. आपण एका गर्दीतून दुसऱ्या गर्दीत गेलेलो असतो. ही दुसरी गर्दी पहिलीपेक्षा बरी असेलच असं मात्र नाही.

गुण आणि धोका यांचं नातंही समजून घेण्यासारखं आहे. हे गणित रचणारे लोक बहुधा अशी पट्टी आखतात की ठरावीक गुण वाढले की वेळेवर फेडणाऱ्यांचं बुडवणाऱ्यांशी असलेलं प्रमाण दुप्पट व्हावं. पुष्कळदा हे गुण २० धरले जातात. समजा एखाद्या पट्टीवर ६०० गुणांना ३० फेडणाऱ्यांमागे एक बुडवणारा आहे. मग ६२० ला ६० मागे एक, ६४० ला १२० मागे एक, ६६० ला २४० मागे एक. पट्टीच्या वरच्या टोकाला धोका मुळातच इतका थोडा असतो, की नोंदीतल्या जराशा फरकानेही वीस गुण इकडचे तिकडे होऊ शकतात. चांगला स्कोअर असलेल्या माणसाला अशी घसरण बघून धक्का बसतो. खालच्या टोकाला तेवढेच वीस गुण खऱ्या अर्थाने महाग असतात. तिथे ३० मागचा एक १५ मागे एक होतो.

आता प्रत्यक्ष कारणांकडे. सगळ्यात साधं कारण तारखांचं आहे आणि तेच सगळ्यात जास्त लोकांना चकवतं.

समजा तुमच्या कार्डाचं लिमिट १,००,००० रुपये आहे. १२ तारखेला बिल निघालं, ९२,००० रुपयांचं. तुम्ही १८ तारखेला पूर्ण ९२,००० भरून मोकळे झालात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी महिन्यातून दोनदा, १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती पतमाहिती कंपन्यांना कळवायची असते. बँकेला त्यासाठी सात दिवस मिळतात, आणि आलेली माहिती आपल्या नोंदीत चढवायला कंपनीला पाच दिवस. १५ तारखेला तुमच्या नावावर ९२,००० होते. ही माहिती २२ पर्यंत निघाली, २७ पर्यंत नोंदीत चढली. तुम्ही २८ तारखेला उत्साहाने स्कोअर बघितला. तुमच्या मते कर्ज दहा दिवसांपूर्वी फिटलंय. नोंदीच्या मते तुम्ही लिमिटच्या ९२ टक्क्यांवर आहात. आधीच्या पंधरवड्यात हाच आकडा ७० टक्के असेल, तर स्कोअर खाली जाणारच. महिनाअखेरची शून्य बाकी तिथे दिसायला पुढच्या महिन्याची १२ तारीख उजाडू शकते. आणि २०२५ च्या आधी, माहिती महिन्यातून एकदाच जायची तेव्हा, ही वाट याहून लांब होती.

पतमाहिती कंपनीच्या अहवालात प्रत्येक खात्यासमोर ती माहिती कुठल्या तारखेची आहे हे लिहिलेलं असतं. माझ्या मते ही तारीख स्कोअरच्या आकड्याखाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापायला हवी. अर्धी मनस्तापाची प्रकरणं तिथेच मिटतील.

हाच तारखांचा खेळ शिस्तीच्या लोकांनाही नडतो. घरखर्च, विजेचं बिल, पेट्रोल सगळं कार्डावर टाकून दरमहा पूर्ण बिल भरणारा माणूस एक रुपया व्याज देत नाही. पण त्याचं लिमिट ८०,००० आणि दरमहाचा खर्च ६०,००० असेल, तर नोंदीच्या तारखेला तो पाऊण लिमिट वापरून बसलेला दिसतो. कर्जात बुडत चाललेला माणूसही त्या तारखेला असाच दिसतो. गणिताला दोघांतला फरक कळण्याची सोयच त्या एका मापात नसते.

लिमिटचा किती हिस्सा वापरला, हे माप मोठं वजनदार आहे. फायकोने आपल्या गणिताचा ढोबळ आराखडा जाहीर केलेला आहे: वेळेवर फेडण्याच्या इतिहासाला सुमारे ३५ टक्के, देणं किती आहे याला ३०, खात्यांच्या वयाला १५, नव्या कर्जांना १० आणि कर्जांच्या प्रकारांना १०. सिबिलची वजनं वेगळी असतील, पण घटक साधारण हेच. आणि हे माप भागाकाराचं आहे हे फार जण विसरतात. वरचा आकडा कमी केला, पण त्याच दमात खालचाही कमी झाला तर?

नेमकं हेच घडतं कार्ड बंद केल्यावर. एक चित्र घ्या. तुमच्याकडे दोन कार्डं आहेत, एकाचं लिमिट २,००,००० आणि दुसऱ्याचं ५०,०००. मोठ्या कार्डावर १,२०,००० आणि लहानावर ३०,००० देणं आहे. एकूण अडीच लाखांपैकी दीड लाख, म्हणजे ६० टक्के. मोठं कार्ड पूर्ण फेडलं: आता अडीच लाखांपैकी ३०,०००, म्हणजे फक्त १२ टक्के. उत्तम. मग ‘ही ब्याद घरात नको’ म्हणून ते कार्ड बंद करून टाकलं. आता उरलं ५०,००० लिमिटचं लहान कार्ड आणि त्यावरचे ३०,०००. पुन्हा ६० टक्के. सव्वा लाखाच्या घरात कर्ज फेडूनही भागाकार जिथून निघाला होता तिथेच परत आला.

कार्ड बंद करण्याची ही ऊर्मी मला पूर्ण समजते. ज्या कार्डाने दोन वर्षं झोप उडवली ते ड्रॉवरमध्ये ठेवायचीही भीती वाटते. आणि कार्ड हाताशी असलं की खर्च होतोच, असं ज्याला स्वतःबद्दल ठाऊक आहे त्याने ते खुशाल बंद करावं; वीस गुणांपेक्षा रात्रीची झोप मोठी. फक्त आधी लहान कार्डावरचे ते ३०,००० फेडावेत. बंद करायला सांगितल्यावर, काही देणं बाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेने उशीर केला तर तिने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा हा नियम फार थोड्या लोकांना माहीत असतो. कार्ड बंद केल्याने खात्याचं वय लगेच पुसलं जातं, ही भीती मात्र फारशी खरी नाही. बंद खात्याची नोंद अहवालात पुढे कित्येक वर्षं राहते.

कधी ग्राहकाने काहीच न करता हे घडतं. फेडल्यानंतर कार्ड पडून राहिलं, वर्षभर वापरलं नाही, तर बँक ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करू शकते. तसं कळवल्यानंतर ३० दिवसांत ग्राहकाचं उत्तर आलं नाही तर कार्ड बंद होतं. ते पत्र किंवा ई-मेल उघडलंच गेलं नाही, तर खालचा आकडा परस्पर कमी होतो.

पुढचं कारण छोटं आहे, पण ते बघून जीव हळहळतो. मघाचंच उदाहरण घ्या. ते ९२,००० रुपये मागच्या महिन्यांपासून फिरत आलेलं देणं होतं असं धरू. अशा देण्यावर व्याज दिवसागणिक चढतं. बिल १२ तारखेला निघालं आणि पैसे १८ ला गेले. मधल्या सहा दिवसांचं व्याज त्या बिलात नव्हतंच. महिना साडेतीन टक्क्यांनी ते होतं साधारण ६३५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. साडेसातशेच्या आसपासचं हे बिल पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला निघतं. ज्याने ‘सगळं फेडलं’ म्हणून कार्ड कपाटात टाकलं आणि बँकेच्या ई-मेलकडे बघणं सोडलं, त्याची देय तारीख चुकते. तीन दिवसांहून जास्त उशीर झाला की बँकेला तो थकीत म्हणून कळवता येतो.

सिबिलचा अहवाल उघडून बघितला तर प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याच्या चौकोनांची एक जाळी असते, ३६ महिन्यांपर्यंतची. प्रत्येक चौकोनात तीन अंक: त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता. सगळं वेळेवर असेल तर ओळीने तीन-तीन शून्यं. ९२,००० रुपये निष्ठेने फेडणाऱ्या माणसाच्या त्या स्वच्छ जाळीत साडेसातशे रुपयांसाठी एक डाग पडतो, आणि इतिहासाचं वजन सगळ्यात जास्त असल्याने तो डाग वापराच्या टक्केवारीतून मिळालेला सगळा फायदा गिळू शकतो. म्हणून पूर्ण पैसे भरल्यानंतर निदान दोन बिलं शून्याची आलेली डोळ्यांनी बघावीत.

आणखी एक वाट अशी: कार्डाचं देणं वैयक्तिक कर्ज काढून फेडणं. वर्षाला ४२ टक्के व्याजाच्या जागी समजा १५ टक्के लागत असतील, तर हा व्यवहार शहाणपणाचा आहे. पण नोंदीत काय दिसतं? बँकेने केलेली नवी चौकशी, आणि वय शून्य असलेलं एक नवं खातं. कार्डाच्या वापराची टक्केवारी खाली येऊन स्कोअर सावरतो, पण दोन्ही परिणाम एकाच दिवशी नोंदीत येतील असं नसतं. आधी चौकशी दिसते, मग कर्ज, मग कार्डावरची घटलेली बाकी. मधल्या आठवड्यांत बघणाऱ्याला घसरणच दिसते. आपण स्वतः आपला स्कोअर बघितल्याने मात्र तो कमी होत नाही. ती चौकशी वेगळ्या खात्यात धरली जाते.

सगळी कार्डं शून्यावर आणली तरी दोन-चार गुण कमी होऊ शकतात, ही तर अनेकांना खोटीच वाटणारी गोष्ट. कारण पुन्हा त्या गर्दीतच आहे. कार्ड थोडंसं वापरून वेळेवर भरणाऱ्या लोकांबद्दल गणिताकडे ताजा पुरावा असतो. अजिबात न वापरणाऱ्यांबद्दल तो नसतो. शेवटचं चालू कर्ज फिटल्यावर, अगदी वीस वर्षांचं गृहकर्ज फेडल्यावरही, असाच हलका धक्का बसू शकतो. असल्या दोन-चार गुणांसाठी कुणी मुद्दाम देणं ठेवू नये. एक लाखाच्या फिरत्या देण्यावर महिन्याला साडेतीन हजार रुपये व्याज आणि वर ६३० रुपये जीएसटी जातो. जगातला कुठलाही स्कोअर तेवढ्या किमतीचा नाही.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे सगळ्यांना एकच वजनं लावलीच जात नाहीत. गणित आधी लोकांचे गट पाडतं: नुकतं पहिलं कार्ड घेतलेले, दीर्घ स्वच्छ इतिहास असलेले, पूर्वी कधी मोठं देणं थकवलेले. प्रत्येक गटाला वजनांचा वेगळा तक्ता. पूर्वी थकलेल्यांच्या गटात ज्याने चार वर्षं चोख फेड केली तो त्या गटातला अव्वल असतो. एक दिवस ती जुनी नोंद कालबाह्य होते आणि तो स्वच्छ इतिहासवाल्यांच्या गटात येतो. तिथे इतरांची खाती पंधरा-पंधरा वर्षांची. त्यांच्यापुढे हा तळाला. नोंद सुधारली त्याच महिन्यात स्कोअर घसरला, असं यातून घडू शकतं. काही महिने गेले की तो नव्या गटात वर सरकू लागतो.

इथवरच्या सगळ्या घसरणी तात्पुरत्या आहेत. एक मात्र तशी नाही, आणि तिच्याबद्दल मला पोटतिडकीने सांगावंसं वाटतं.

देणं फार तुंबलं की वसुलीवाल्यांचा फोन येतो: दीड लाख आहे ना, साठ हजार द्या आणि मोकळे व्हा. सेटलमेंट. रोजच्या फोनांनी हैराण झालेलं घर दागिने गहाण टाकून साठ हजार उभे करतं, फोन थांबतात, सगळ्यांना वाटतं कर्ज फिटलं. अहवालात त्या खात्यासमोर ‘बंद’ असं येत नाही. ‘सेटल्ड’ असं येतं. पुढे कर्ज द्यायला बसलेल्या बँकेला त्याचा अर्थ एकच दिसतो: आधीच्या बँकेला इथे नुकसान सोसावं लागलं. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार, शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत अशी तडजोड केल्यावर ती बँक किमान १२ महिने त्या कर्जदाराला नवं कर्ज देऊ शकत नाही. नोंद तर त्याहून कितीतरी जास्त काळ राहते. फोनवर हे कुणी सांगत नाही. ज्यांच्याकडे दुसरा मार्गच नाही त्यांनी सेटलमेंट करण्यात कमीपणा काहीच नाही, पण शब्दाची किंमत आधी कळली पाहिजे. आणि हातात पुन्हा पैसा आला, तर उरलेली रक्कम भरून बँकेकडून ‘नो ड्यूज’ पत्र घ्यावं आणि खात्यासमोरची नोंद ‘बंद’ अशी करून घ्यावी.

नोंदीतच चूक असेल, फेडलेलं कर्ज अजून उभं दिसत असेल किंवा भलत्याचंच कार्ड आपल्या नावावर चढलेलं असेल, तर तक्रार करण्याचा हक्क आहे आणि त्याला दात आहेत. एप्रिल २०२४ पासून ३० दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चौघींचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर घाबरायचं कारण नाही. प्रत्येकीची वजनं निराळी आणि माहिती चढवण्याची वेळही निराळी.

हे यंत्र अजून बदलतं आहे. जुन्या गणितांना वापराच्या टक्केवारीबाबत स्मरणशक्ती नव्हती. दोन माणसं घ्या, दोघंही आज लिमिटच्या ४० टक्क्यांवर. एक जण दोन वर्षांत ९० वरून दर महिन्याला थोडं थोडं उतरत ४० ला आलेला. दुसरा १० वरून चढत चढत ४० ला पोचलेला. जुन्या गणिताला त्या मापात दोघं सारखेच. २०२० साली जाहीर झालेला फायकोचा १०टी हा नमुना मागच्या २४ महिन्यांच्या बाकीचा प्रवास बघतो, आणि त्याला पहिला माणूस उतरताना दिसतो, दुसरा चढताना.